बेंचमार्क वस्तुनिष्ठ की व्यक्तिनिष्ठ? मराठवाड्याच्या उन्हाळ्यात संगणक स्वतः मोजून घेण्याची पद्धत

बेंचमार्क म्हणजे संगणकाचा वेग मोजणारी ठरावीक चाचणी. एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवून सिनेबेंच हा प्रोसेसरचा बेंचमार्क चालवला, तर स्कोअरमध्ये पाचव्या-चौथ्या हिश्शाचा फरक सहज निघतो. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. एका कंपनीने त्या प्रोसेसरला सलग १५ वॅट दिलेले असतात, दुसरीने २८. एकात एकच पंखा असतो, दुसऱ्यात दोन. म्हणून ‘बेंचमार्क वस्तुनिष्ठ की व्यक्तिनिष्ठ’ याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. घड्याळाने मोजलेला वेळ वस्तुनिष्ठ असतो. पण काय मोजायचं, कोणत्या परिस्थितीत मोजायचं आणि हाती आलेल्या दहा आकड्यांचा एक आकडा कसा करायचा, हे माणूसच ठरवतो. त्याची गरज, सवय आणि कधीकधी स्वार्थ तिथूनच आत शिरतो.

मोंढ्यात सोयाबीनचा ओलावा मोजतात तसंच हे आहे. यंत्र बरोबरच असतं, पण मूठ पोत्याच्या वरून घेतली की तळातून, यावर भाव हलतो.

त्यामुळे कुठलाही स्कोअर समोर आला की आधी एवढंच विचारायचं: हा आकडा कसा काढला ते पूर्ण सांगितलं आहे का, आणि तसंच करून मला तोच आकडा मिळेल का? दोन्हींना ‘हो’ असेल तर तो आकडा कामाचा. नसेल तर ती जाहिरात समजावी.

माणसाचा हात कुठे लागतो

सर्वांत मोठा खेळ वजनांचा असतो. समजा दोन मशीन आहेत. ‘अ’ला सिंगल-कोअर (प्रोसेसरचा एकच गाभा कामाला लावून) आणि मल्टी-कोअर (सगळे गाभे लावून) दोन्हींत १०० धरू. ‘ब’ सिंगल-कोअरमध्ये ८० आणि मल्टी-कोअरमध्ये १३०. सिंगलला ४० टक्के आणि मल्टीला ६० टक्के वजन दिलं तर ‘ब’ला ११० मिळतात आणि तो जिंकतो. सिंगलला ८० आणि मल्टीला २० टक्के दिलं तर ‘ब’ ९० वर येतो आणि हरतो. सिंगलला बरोबर ६० टक्के दिलं की दोघं समान. मोजमाप एकदाच झालं, त्यात एकही आकडा बदलला नाही, तरी निकाल तीन निघाले.

हे नुसतं कागदावरचं उदाहरण नाही. २०१९ मध्ये यूजरबेंचमार्क या साइटने प्रोसेसरच्या एकूण गुणांत मल्टी-कोअरचं वजन १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं आणि सिंगल-कोअरचं ३० वरून ४० वर नेलं. जास्त कोअरचे प्रोसेसर एका रात्रीत खाली घसरले. कोणाच्याही टेबलावरची चिप मात्र तीच होती.

सरासरी काढण्याची रीतसुद्धा निकाल फिरवते. पहिल्या चाचणीला ‘अ’ १० सेकंद घेतो, ‘ब’ २०. दुसऱ्या चाचणीला ‘अ’ ४० सेकंद, ‘ब’ २०. ‘अ’ला प्रमाण मानून ‘ब’ची गुणोत्तरं काढा: २ आणि ०.५, सरासरी १.२५, म्हणजे ‘ब’ मंद. आता ‘ब’ला प्रमाण माना: ‘अ’ची गुणोत्तरं ०.५ आणि २, सरासरी पुन्हा १.२५, म्हणजे ‘अ’ मंद! एकूण वेळ पाहिली तर ‘अ’ला ५० सेकंद लागले, ‘ब’ला ४०. गुणोत्तरांची भौमितिक सरासरी (दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ) घेतली तर दोन्हीकडून १ च येते, प्रमाण कोणीही माना. १९८८ मध्ये स्थापन झालेली स्पेक ही बेंचमार्क ठरवणारी संस्था आपल्या सीपीयू (प्रोसेसर) चाचण्यांत भौमितिक सरासरीच वापरते, त्याचं कारण हेच. गीकबेंच ६ या चाचणीत पूर्णांकी गणिताला ६५ टक्के आणि दशांशी गणिताला ३५ टक्के वजन आहे. तेही कोणीतरी ठरवलेलंच आहे. फरक इतकाच की त्यांनी ते सांगितलं आहे.

आणि ज्या आकड्यावर विक्री अवलंबून असते, तो फुगवायचे प्रयत्न होतातच. २००३ मध्ये थ्रीडीमार्क०३ ही ग्राफिक्सची चाचणी ओळखून काम वाचवणारे एनव्हिडियाचे ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सापडले. २०२२ मध्ये गीकबेंचने सॅमसंगचे काही गॅलेक्सी फोन आपल्या यादीतून काढले, कारण फोनमधली यंत्रणा खऱ्या ॲपचा वेग आवरत होती आणि बेंचमार्कचा मात्र आवरत नव्हती. २०२४ मध्ये स्पेकने इंटेलच्या झिऑन या सर्व्हर-प्रोसेसरच्या २,६०० हून जास्त निकालांवर शेरा मारला, कारण त्यातला कंपायलर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं साधन) एका विशिष्ट चाचणीपुरती युक्ती लढवत होता. बेंचमार्क टाकाऊ आहेत असा याचा अर्थ नाही. दुसऱ्यांना तपासता आलं, म्हणूनच हे पकडलं गेलं.

पायरी १: आधी कामाची यादी, मग चाचणी

एका कागदावर लिहा: या मशीनवर रोज काय चालणार, त्यातल्या कशासाठी थांबून राहावं लागतं, आणि दिवसातून किती वेळ. या वेळेच्या प्रमाणातच वजनं द्यायची. ही वजनं तुमची आहेत, व्यक्तिनिष्ठ आहेत, आणि ती तशीच असायला हवीत. अट एकच: मोजायच्या आधी लिहायची. आकडे पाहून वजनं ठरवली की मनात आधीच भरलेलं मशीन जिंकतं.

आपले सरकार सेवा केंद्रात दिवसभर ब्राउझर, स्कॅनर आणि पीडीएफ चालतात. तिथे सिंगल-कोअरचा वेग, एसएसडीचा लहान फायलींचा वेग आणि रॅम पुरते की नाही एवढं पाहायचं. १६ कोअरचा स्कोअर तिथे पैशाचा नास. आडत दुकानातल्या टॅलीचंही तसंच. डेटा कुठल्या डिस्कवर आहे आणि दुसऱ्या टेबलावरून तो वायफायने येतो की केबलने, याने जास्त फरक पडतो. वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ऑटोकॅडची द्विमिती ड्रॉइंग असतील तर पुन्हा सिंगल-कोअरच, कारण ते काम बहुतांशी एकाच कोअरवर चालतं.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी मात्र इथे नीट थांबायला हवं, कारण त्यांची गरज कुठल्याही नेहमीच्या प्रोसेसर-स्कोअरमध्ये दिसत नाही. आजचे बरेच कॅमेरे एच.२६५, १०-बिट, ४:२:२ अशा रूपात (दाबून, पण रंगाचा तपशील जास्त ठेवून) व्हिडिओ साठवतात. एडिटिंगच्या टाइमलाइनवर हा व्हिडिओ न अडखळता चालवायला त्याचं डीकोडिंग, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणं, हार्डवेअरमध्ये व्हावं लागतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या इनबिल्ट ग्राफिक्सला ते जमतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेच्या कार्डांना हे रूप जमत नाही, ५० मालिकेपासून जमतं. आता दुकानात काय होतं ते पाहा. आय५-१२४००एफ हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतो, त्याचा सिनेबेंच स्कोअर आय५-१२४०० इतकाच येतो, आणि सोबत आरटीएक्स ४०६० लावलं की मशीन भारी वाटतं. पण ‘एफ’ म्हणजे इनबिल्ट ग्राफिक्स नाही. ४:२:२ फुटेज टाकलं की सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो आणि टाइमलाइन अडखळते. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, करून काम निभतं, पण त्यात वेळ जातो. म्हणून तुमच्याच कॅमेऱ्याच्या मूळ फायली पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि त्याच चालवून पाहा.

पायरी २: परिस्थिती गोठवा

दोन मशीनची तुलना करताना फक्त मशीन बदललं पाहिजे, बाकी काही नाही.

लॅपटॉप मूळ चार्जरवरच चालवा. बॅटरीवर किंवा कमी वॅटच्या टाइप-सी चार्जरवर तो स्वतःला आवरून घेतो. विंडोजमध्ये पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करा, आणि कंपनीच्या ॲपमध्ये ‘सायलेंट’ वगैरे मोड असेल तर तो कुठे आहे ते लिहून ठेवा. विंडोज अपडेट थांबवा, रीस्टार्ट करा, मग दहा मिनिटं काहीही न करता राहू द्या. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू आणि डिस्क दोन्ही २-३ टक्क्यांच्या आत स्थिरावल्यावरच सुरुवात करा. नवीन लॅपटॉप पहिल्यांदा नेटला जोडला की तासभर मागे अपडेट आणि इंडेक्सिंग चालूच असतं. दुकानातल्या चाचण्या बऱ्याचदा इथेच बिघडतात.

असेंबल्ड पीसीमध्ये रॅमकडे लक्ष द्या. दोन स्टिक असतील तर चार खाचांच्या बोर्डावर त्या साधारणपणे दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात, म्हणजे ड्युअल चॅनल (रॅमला दोन वाटा) मिळतो. एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग) लागणारी ३२०० ची डीडीआर४ स्टिक बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू केल्याशिवाय २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालते. सीपीयू-झेड या मोफत साधनाच्या मेमरी टॅबमध्ये १६०० मेगाहर्ट्झ दिसलं तर घाबरू नका, डीडीआरमध्ये त्याची दुप्पट धरायची, म्हणजे ३२०० च. इनबिल्ट ग्राफिक्सवर गेम किंवा एडिटिंग करणार असाल तर एका स्टिकऐवजी दोन लावल्याने पडणारा फरक बऱ्याचदा प्रोसेसरचं मॉडेल बदलण्यापेक्षा मोठा असतो.

विजेचा प्रश्न आपल्याकडे नेहमी निघतो. कमी व्होल्टेजने स्कोअर कमी होत नाही. एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, आतला डीसी पुरवठा स्थिर ठेवतो, आणि नाही ठेवू शकला तर मशीन सरळ बंद पडतं. पण एसएमपीएसच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय की फक्त २००-२४०, हे पाहून घ्या. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावर १८० व्होल्टवर येणाऱ्या गावात दुसरा प्रकार चाचणीच्या अर्ध्यात दगा देतो.

पायरी ३: उन्हाळा मोजात धरा

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जाणं नवं नाही. नेटवरचे बहुतेक रिव्ह्यू मात्र एसी खोलीतले असतात. हा फरक किती पडतो, ते साध्या बेरजेने काढता येतं. कूलिंगचं गणित खोलीच्या तापमानापासून सुरू होतं. २६ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७८ वर स्थिरावला, तर फरक ५२ चा. तेवढेच वॅट आणि पंख्याचा तेवढाच वेग ठेवला तर ४१ अंशांच्या खोलीत तो ९३ च्या आसपास जाणार. एसीत जो ८८ वर होता, त्याचा हिशेब १०३ वर जातो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० आहे, तेव्हा तो वेग कमी करून स्वतःला वाचवतो. तुमचा स्कोअर पडतो तो इथे.

मोजायची पद्धत अशी. साधा डिजिटल थर्मामीटर मशीन हवा आत घेतं त्या बाजूला ठेवा. भिंतीवरचं तापमान उपयोगाचं नाही. एचडब्ल्यूइन्फो६४ हे मशीनचे सेन्सर दाखवणारं साधन उघडून ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडा आणि लॉगिंग सुरू करा. चार ओळींवर नजर ठेवा: सीपीयू पॅकेज तापमान, पॅकेज पॉवर, कोअर इफेक्टिव्ह क्लॉक (कोअरचा प्रत्यक्ष वेग) आणि थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग आवरणं). मग सिनेबेंच आर२३ दोनदा चालवा. एकदा ‘मिनिमम टेस्ट ड्युरेशन’ बंद ठेवून, म्हणजे एकच फेरी. दुसऱ्यांदा ३० मिनिटांवर. पहिला स्कोअर १०,००० आणि दुसरा ८,२०० आला, तर तुमच्या लांब कामासाठी मशीन ८,२०० चं आहे.

हा फरक दोन कारणांनी पडतो आणि लॉग पाहिल्याशिवाय ती वेगळी करता येत नाहीत. तापमान मर्यादेला भिडलं आणि थ्रॉटलिंग ‘येस’ दाखवतंय, तर दोष कूलिंगचा: साफसफाई, नवी थर्मल पेस्ट किंवा कॅबिनेटला जादा पंखा हा त्यावर उपाय. पण तापमान ७५ वरच आहे आणि अर्ध्या-एक मिनिटाने पॅकेज पॉवर एकदम खाली उतरली, तर ती कंपनीने घातलेली मर्यादा आहे. आय५-१२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॅट आणि टर्बोची ११७. काही बोर्ड थोडा वेळ ११७ देऊन ६५ वर येतात, काही ११७ वरच ठेवतात. ग्राफिक्समध्येही तसंच: लॅपटॉपचं आरटीएक्स ३०६० हे ६० ते ११५ वॅटपर्यंत कुठल्याही मर्यादेत मिळत होतं, नाव मात्र एकच. लॅपटॉप घेताना वॅट विचारल्याशिवाय ग्राफिक्स कार्डाच्या नावाला अर्थ नाही.

गीकबेंच काही मिनिटांत संपतं आणि चाचण्यांच्या मधे विसावा घेतं, त्यामुळे उष्णतेचा हा प्रश्न त्यात फारसा उघडा पडत नाही. ब्राउझर आणि ऑफिसच्या कामाला ते चालेल, कारण ते कामही टप्प्याटप्प्यानेच होतं. तीन तासांच्या एक्सपोर्टला चालणार नाही.

वाळ्याचा कूलर खोलीत असेल तर मशीन त्याच्या थेट झोतात ठेवू नका. ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या पट्ट्यांत लेप होऊन बसते आणि दोन-तीन महिन्यांत तुमचे आकडे बदलतात. जिनिंगच्या जवळच्या दुकानांत कापसाचा तंतू जाळीवर साचतो. तिथे महिन्यातून एकदा जाळी काढून ब्रशने साफ करावी.

पायरी ४: पाच वेळा मोजा, मधला आकडा घ्या

एकदा मोजलेला आकडा म्हणजे अंदाज. पहिली फेरी सोडून द्या, कारण तेव्हा फायली डिस्कवरून यायच्या असतात आणि मशीन थंड असतं. नंतर पाच फेऱ्या घ्या. समजा व्हिडिओ एक्सपोर्टला ४१२, ४०६, ४०९, ४०७ आणि ४३१ सेकंद लागले. सरासरी ४१३ येते, पण ती एकट्या ४३१ ने ओढली आहे. तेव्हा बहुधा मागे अँटिव्हायरस जागा झाला असेल. चढत्या क्रमाने लावून मधला घ्या: ४०९. सोबत पल्लाही लिहा: ४०६ ते ४३१.

दुसऱ्या मशीनचा मधला आकडा ४०२ आणि पल्ला ३९७ ते ४१० आला, तर दुसरं मशीन १.७ टक्के वेगवान आहे असं म्हणू नका. पल्ले एकमेकांत शिरले आहेत, तेव्हा दोन्ही सारखीच समजून किंमत, वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटर किती लांब आहे यावर ठरवा. घरगुती चाचणीत ३ टक्क्यांच्या आतल्या फरकावर पैसे मोजू नयेत, हे आमचं ठाम मत आहे.

पायरी ५: डिस्क आणि गेम, जिथे एकच आकडा फसवतो

क्रिस्टलडिस्कमार्क या डिस्कच्या चाचणीत सर्वांत वरची ओळ सलग वाचनाची असते आणि डब्यावर तोच आकडा छापतात. रोजचा चटपटीतपणा मात्र सर्वांत खालच्या ओळीत असतो: ‘आरएनडी४के क्यू१टी१’, म्हणजे विखुरलेले लहान तुकडे एकेक करून वाचणं-लिहिणं. ३,५०० आणि ७,००० एमबी प्रति सेकंद वेगाच्या दोन एसएसडी या ओळीत बऱ्याचदा जवळजवळ येतात आणि विंडोज उघडायला वेळही जवळपास तेवढाच लागतो.

दुसरी गोम कॅशची. ही चाचणी मुळात १ जीबीची फाइल वापरते आणि ती एसएसडीच्या वेगवान कॅशमध्येच मावते. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) एसएसडीवर १०० जीबीचं लग्नाचं फुटेज एका दमात टाकून पाहा. कॅश भरली की वेग साध्या हार्डडिस्कच्या पातळीपर्यंत येऊ शकतो. डिस्क ८०-९० टक्के भरलेली असेल तर कॅश आणखी लहान होते, म्हणून रिकाम्या डिस्कवरचा आकडा वर्षभरानंतर टिकत नाही.

गेममध्ये सरासरी एफपीएसच्या (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमच्या) जोडीला ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा वेग, घ्याच. एका सेकंदात एक फ्रेम १०० मिलिसेकंद अडली आणि उरलेल्या ५९ फ्रेम ९०० मिलिसेकंदांत निघाल्या, तर सरासरी ६० च येते. डोळ्याला झटका मात्र जाणवतो. कॅपफ्रेमएक्स हे मोफत साधन दोन्ही आकडे देतं. व्ही-सिंक (एफपीएस पडद्याच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद करा, गेममधली तीच जागा, तीच ६० सेकंद, तीच सेटिंग ठेवा.

पायरी ६: ‘जाणवतं’ याचीही चाचणी घेता येते

टायपिंगला लॅग वाटतो, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) पडदा हलका वाटतो, हे व्यक्तिनिष्ठ आहे म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. वापरणारा माणूसच शेवटी त्यासमोर बसणार आहे. फक्त कोणतं मशीन किंवा सेटिंग समोर आहे हे त्याला कळू देऊ नका. सोबत्याने नाणं उडवून ६० किंवा १४४ हर्ट्झ लावायचं, सेटिंग बंद करायची, मग वापरणाऱ्याने विंडो फिरवून ओळखायचं. असं दहा वेळा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता सुमारे १ टक्का असते. नऊ बरोबर आले तर फरक त्याला खरंच कळतो, पैसे द्यावेत. सहा आले तर साठ हर्ट्झवर समाधानाने काम होईल.

दुकानात वेळ कमी असेल तर

पूर्ण पद्धतीला अर्धा दिवस जातो, आणि काउंटरवर तेवढा कोणी देत नाही. अर्धा तास मिळाला तर क्रम असा ठेवा. पहिली पाच मिनिटं: चार्जर लावा, पॉवर मोड पाहा, टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि किती खाचा भरल्यात ते पाहा. पुढची पंधरा मिनिटं: एचडब्ल्यूइन्फो६४ मागे चालू ठेवून सिनेबेंच आर२३ दहा मिनिटांवर, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगवर. उरलेली दहा मिनिटं तुमच्या स्वतःच्या फायली. दोन्ही प्रोग्राम पेनड्राइव्हवर आधीच भरून न्या. एचडब्ल्यूइन्फोचं पोर्टेबल रूप इन्स्टॉल न करता चालतं, त्यामुळे दुकानदाराची हरकत सहसा येत नाही. स्कोअरच्या शेजारी तारीख, वेळ, हवेचं तापमान, बायोस आणि ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती लिहून पडद्याचा फोटो घ्या. डिसेंबरात घेतलेलं मशीन मे महिन्यात मंद वाटलं, तर सर्व्हिस सेंटरवाल्याला ‘स्लो झालंय’ सांगण्याऐवजी तोच लॉग पुन्हा काढून दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवता येतात.